टाइम स्टडीत रेटिंग कसं द्यायचं: आकडा मनाचा की कामाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात स्विचगिअरचे सुटे भाग जोडायच्या लाइनवर टाइम स्टडी, म्हणजे घड्याळ लावून कामाची प्रमाण वेळ काढायचं काम, करायची आहे. काम एकच, फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) एकच, पण तीन ऑपरेटरांच्या वेळा तीन. म्हणून प्रत्येकाच्या वेगाला एक आकडा द्यावा लागतो, तेच रेटिंग. वरिष्ठ म्हणतात, "सरसकट ९० रेटिंग लाव आणि शीट पूर्ण कर." युनियन कमिटीतले लोक म्हणतात, "रेटिंग म्हणजे साहेबाच्या मनाला येईल तो आकडा." नुकत्याच आय.ई. (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) विभागात लागलेल्या इंजिनिअरने कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नाही. पण कमिटीवाल्यांचा राग समजून घ्या. सरसकट ९० लावलेल्या शीटबद्दल ते जे बोलतात ते खरंच आहे. सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात मी बरीच वर्षं हेच काम केलं आहे. टार्गेटवरून झालेली जी भांडणं मी जवळून पाहिली, त्यातली बहुतेक घड्याळावरून नव्हे तर शीटमधल्या रेटिंगच्या याच एका रकान्यावरून पेटली होती.

रेटिंग लागतं कशाला? घड्याळ एवढंच सांगतं की समोरच्या माणसाला आत्ता किती वेळ लागला. आपल्याला हवा असतो तो वेळ वेगळा: हात बसलेल्या, पद्धत नीट माहीत असलेल्या आणि मन लावून काम करणाऱ्या माणसाला, पूर्ण पाळीभर अंग न मोडता टिकेल अशा वेगाने लागणारा. मोजलेल्या वेळाला रेटिंगने गुणायचं, १०० ने भागायचं, की बेसिक टाइम मिळतो. त्यावर अलाउन्स, म्हणजे वैयक्तिक गरजा आणि थकव्यासाठीची वाढ, चढवले की स्टँडर्ड टाइम. गणित सोपं आहे, सगळा तंटा त्या मधल्या आकड्याचा.

म्हणून सर्वांत आधी तुमच्या कंपनीत १०० म्हणजे काय धरतात ते विचारून घ्या. हे बहुतेक जण विचारतच नाहीत. ब्रिटिश स्केलवर १०० म्हणजे सपाट जमिनीवर, हातात ओझं नसताना, ताशी ६.४ किलोमीटरने चालणं. ताशी ४.८ किलोमीटरने चालणारा माणूस त्याच स्केलवर ७५. जुन्या अमेरिकी पद्धतीत मात्र हेच ४.८ चं चालणं १०० धरतात. बेदो नावाच्या आणखी एका जुन्या पद्धतीत याच दोन वेगांना ८० आणि ६० म्हणत. त्यामुळे दोन इंजिनिअर दोन स्केलवर शिकलेले असतील, तर एकाच कामगाराला एक ७५ देईल, दुसरा १००, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. दोघांच्या शीट एकाच फाइलमध्ये गेल्या की वेळांमध्ये एक तृतीयांशाचा फरक बसलाच. मी इथून पुढे ब्रिटिश स्केलने बोलतो, आपल्याकडच्या कारखान्यांत मला तेच जास्त दिसलं.

डोळा तयार करायला महागडं ट्रेनिंग लागत नाही. शॉपच्या पॅसेजमध्ये २० मीटरवर दोन खुणा करा. ते अंतर ११.२५ सेकंदांत कापलं तर १००, १२.५ सेकंदांत ९०, १५ सेकंदांत ७५. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जात असाल तर तिथेही अंतर मोजून ठेवा. चालणाऱ्याकडे बघून आधी मनात आकडा म्हणा, मग घड्याळ बघा. हातांच्या कामासाठी पत्त्यांचा कॅट घ्या: ५२ पानं चार ढिगांत वाटायला २२.५ सेकंद लागले तर १००, ३० सेकंद लागले तर ७५. रोज दहा मिनिटं, महिनाभर. आकडे ५ च्या पटीतच द्या. ८७ किंवा ९३ असं लिहिणाऱ्याचा डोळा तेवढा बारीक नसतो, कोणाचाच नसतो. सराव झाल्यावर तुमचा अंदाज खऱ्या वेगाच्या ५ अंकांच्या आत-बाहेर पडायला लागला की शॉपवर जा.

तिथे गेल्यावर बघायचं काय? हात. चेहरा बघू नका, घाम बघू नका, माणूस आपल्याला सलाम करतो की नाही ते तर मुळीच बघू नका. ऑपरेटरच्या थोडं मागे आणि बाजूला उभे राहा. समोर ठाण मांडलंत तर तो तुमच्यासाठी काम करायला लागेल. पहिली काही सायकल (एक नग पूर्ण होण्याची एक फेरी म्हणजे एक सायकल) घड्याळाशिवाय नुसती बघा. टर्मिनल बसवून दोन स्क्रू आवळायचं काम घ्या. हात बसलेल्या माणसाची बोटं बिनमध्ये गेली की पहिल्या स्पर्शाला टर्मिनल पकडतात, आणि डावा हात ते खाचेत बसवत असतानाच उजवा हात वर टांगलेल्या न्यूमॅटिक स्क्रूड्रायव्हरकडे निघालेला असतो. हात आखडता घेतलेला माणूस टर्मिनल बसवतो, क्षणभर थांबतो, ड्रायव्हरकडे बघतो, मग हात उचलतो. बसलेला भाग अंगठ्याने पुन्हा दाबून बघतो. नवशिका वेगळाच दिसतो: त्याची बोटं चाचपडतात, स्क्रू तिरका लागतो, आणि एक सायकल छोटी तर पुढची मोठी होते. नवशिक्याची स्टडी करूच नका. जो हात अजून बसलेला नाही, त्याच्या वेगाला कोणताही आकडा लावला तरी तो अंदाजपंचे असतो.

आणखी एक फसवणूक डोळ्याची होते ती लगबगीची. काही माणसं खूप हलतात, ठोकतात, आपटतात, आणि वेगवान वाटतात. त्यातल्या निम्म्या हालचाली कामाच्या नसतात. उलट खरा कसबी माणूस संथ दिसतो, कारण त्याच्या हाताचा प्रवासच छोटा असतो. रेटिंग कामाला उपयोगी पडणाऱ्या हालचालीच्या वेगाचं असतं, गडबडीचं नाही.

आता नियम, आणि यात तडजोड नको: प्रत्येक एलिमेंटचं (म्हणजे कामाच्या वेगळ्या मोजता येणाऱ्या छोट्या तुकड्याचं) रेटिंग त्या एलिमेंटच्या वेळी, घड्याळाचा आकडा वाचण्याआधी लिहा. वेळ बघून मागाहून रेटिंग जुळवणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी लबाडी आहे, आणि ती कामगाराला लगेच कळते. आकडे खरे असतील तर ते एकमेकांना साक्ष देतात. तुमच्या तीन ऑपरेटरांचंच उदाहरण घेऊ. समजा पहिल्याला ०.३० मिनिट लागलं आणि तुम्ही ११० लिहिलं, दुसऱ्याला ०.३६, रेटिंग ९०, तिसऱ्याला ०.४१, रेटिंग ८०. बेसिक टाइम येतात ०.३३०, ०.३२४ आणि ०.३२८. म्हणजे माणसं तीन, पण काम एकच असल्याचं शीटच सांगते. आता सरसकट ९० लावून बघा: ०.२७०, ०.३२४, ०.३६९. पाळीत कामाची ४५० मिनिटं धरली तर पहिल्या आकड्याने टार्गेट १,६६६ नग, शेवटच्याने १,२१९. त्या दिवशी मशीनपाशी कोण उभं होतं, यावर पुढची तीन वर्षं सगळ्या लाइनने किती नग काढायचे हे ठरणार. वरिष्ठांपुढे वाद घालू नका, हे सहा आकडे ठेवा.

आकडे जुळले नाहीत तर काय? तर आधी पद्धत बघा. चौथा ऑपरेटर ०.२७ मध्ये काम करतो आणि तुमच्या डोळ्याला त्याचा वेग १०० च दिसतो, असं होतं. डोळ्यावर अविश्वास दाखवून ते १०० पुसून १२० करायचा मोह होईल. करू नका. पुन्हा जाऊन उभे राहा. बहुधा असं सापडेल की तो बिनमधून एकाच वेळी दोन टर्मिनल उचलतो आणि दुसरं तळहातात धरून ठेवतो. हा वेगाचा फरकच नाही, पद्धतीचा आहे. ती पद्धत चांगली असेल तर सगळ्यांना शिकवा, बिनची जागा बदला, हात बसायला वेळ द्या आणि नव्याने स्टडी करा. त्याची वेळ उचलून जुन्या पद्धतीने काम करणाऱ्यांवर लादलीत तर तो सरळ अन्याय आहे. आणि ज्याने डोकं लावलं, तो लाइनवर वाईट ठरतो; पुढच्या वेळी कोणी काही नवीन दाखवणार नाही.

स्टडीला कोण उभा आहे यावर मी एवढा जोर देतो त्याचं कारण कंत्राटी मुलं आहेत. पेठ-सुरगाण्याकडून किंवा आणखी लांबून आलेली, चुंचाळे-अंबडकडे एका खोलीत चार-पाच जण राहणारी मुलं. घड्याळ घेऊन साहेब शेजारी उभा राहिला की या मुलाच्या मनात एकच विचार असतो: उद्या गेटवर मला आत घेतील का? तो जीव तोडून काम करतो. हालचाल उपयोगी असते, सफाई असते, फक्त तो वेग तासाभरात संपणारा असतो. परमनंट माणूस मात्र घड्याळ दिसलं की सावकाश होतो, कारण मागच्या करारात काय झालं ते त्याला आठवतं. दोघंही आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात. रेटिंगचं काम हेच आहे की एकाची भीती आणि दुसऱ्याचा संशय दोन्ही आकड्यात न येता कामाची वेळ निघावी. त्या मुलाच्या हाताला १२० दिसत असेल तर १२० लिहा, निर्भयपणे. तिथे १०० लिहिलंत तर त्याची भीती सगळ्या लाइनचं टार्गेट झाली.

यासाठीच स्टडी लपूनछपून करायची नाही. खिशात घड्याळ ठेवून खांबाआड उभं राहणारे मी पाहिले आहेत. एकदा पकडले गेले की त्या शॉपमध्ये कोणाचीच शीट चालत नाही. सुपरवायझरला सांगा, कमिटीतल्या माणसाला सांगा, ज्याची स्टडी करायची त्याला सांगा: "दादा, तुमचं नेहमीचं काम नेहमीसारखं करा. तुम्ही भरभर केलंत तर मी तसं लिहीन, सावकाश केलंत तर तसं लिहीन, वेळ तीच येणार." आणि मग खरंच तसं लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या स्टडीपर्यंत लोक आपोआप नेहमीच्या वेगावर येतात.

कारखान्याबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण त्यात एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. दिंडोरी-पिंपळगाव भागातल्या निर्यातीच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये बायका घड साफ करतात. घड देठाने धरायचा, मण्यांवरची पांढुरकी झाक पुसली जाता कामा नये, आणि छोट्या कात्रीने बारीक, फुटका, डागी मणी नेमका कापायचा. एका घडात दोन मणी काढायचे असतात, दुसऱ्यात पंधरा. घडामागचा वेळ बघून कोणी म्हणेल की मावशी मघाशी जलद होत्या, आता मंदावल्या. मावशींचा वेग तोच आहे, घड बदलला. इथे रेटिंग द्यायचं ते एका मण्याकडून दुसऱ्या मण्याकडे कात्री जाते त्या हालचालीचं, आणि घड फिरवताना मनगट किती सहज वळतं त्याचं. काढलेले मणी वेगळे मोजायचे. पुढे ५०० ग्रॅमचा पनेट (प्लास्टिकचा छोटा डबा) भरताना वजनकाट्यावर शेवटचे काही ग्रॅम जुळवायला छोटा झुबका शोधावा लागतो. तो शोध हाही कामाचाच भाग, आळस नव्हे. मालात होणारा बदल आणि माणसाच्या वेगातला बदल हे दोन वेगळे करता आले नाहीत तर रेटिंग द्यायला बसूच नये. फाउंड्रीतल्या फेटलिंगला (ओतीव भाग साफ करायच्या कामाला), धातूच्या कडेवरची बर म्हणजे कूस काढायच्या कामाला, हाताने पॉलिश करायच्या कामाला हेच लागू.

मशीनच्या वेळेला रेटिंग नसतं. हे पुस्तकातलं पहिलं वाक्य असूनही रोज मोडलं जातं. सीएनसीवर कटिंग २.४० मिनिटं, लोडिंग-अनलोडिंग ०.४५. कोणीतरी पूर्ण २.८५ ला ८५ ने गुणतो: २.४२. म्हणजे २.४० मशीनचे गेल्यावर माणसाला जॉब चढवायला-उतरवायला उरलं ०.०२ मिनिट, जेमतेम सव्वा सेकंद. बरोबर उत्तर २.४० अधिक ०.४५ चे ८५ टक्के, म्हणजे २.७८. अलाउन्स बाजूला ठेवले तरी ४५० मिनिटांत १८५ आणि १६१ नगांचा हा फरक, आणि तो भरून काढायचं कसब जगातल्या कुठल्याच ऑपरेटरकडे नाही. म्हणून एलिमेंट पाडतानाच हाताचं काम आणि मशीनचं काम वेगळं काढा. हाताचे एलिमेंट फार बारीकही करू नका; ०.०४ मिनिटापेक्षा छोटं असेल तर वेळही नीट वाचता येत नाही आणि वेगही ठरवता येत नाही.

तुमच्या स्वतःच्या डोळ्यात एक दोष असण्याची शक्यता मोठी आहे, तो तपासून घ्या. बहुतेक नवे लोक सावकाश माणसाला जास्त आणि जलद माणसाला कमी रेटिंग देतात. ८० च्या माणसाला ९० आणि १२० च्या माणसाला ११०. टोकाचा आकडा लिहायला हात कचरतो, एवढंच त्याचं कारण. पण परिणाम बघा: पहिल्याने बेसिक टाइम साडेबारा टक्क्यांनी फुगतो, दुसऱ्याने आठ टक्क्यांनी आटतो. तपासायचं कसं? तीन-चार सहकारी जमवा. ओळखीच्या ऑपरेटरची परवानगी घेऊन एकाच कामाचे वेगवेगळ्या वेगांचे व्हिडिओ काढा, वेळ न दाखवता सगळ्यांनी रेटिंग लिहा, आणि नंतर ग्राफवर आडवा खरा वेग, उभं तुमचं रेटिंग असे ठिपके मांडा. ठिपक्यांची रेघ ४५ अंशांपेक्षा झोपलेली असेल तर दोष सापडला. कमिटीतला एखादा समजूतदार माणूसही या सरावाला बसवा. मी बसवत आलो आहे. ते लोक आपल्या माणसांबद्दल आश्चर्य वाटेल इतकं कडक रेटिंग देतात.

सायकलची संख्या वाढवली की सगळं ठीक होईल, असं समजू नका. जास्त सायकल घेतल्याने वेळांमधला चढउतार सरासरीत जिरतो, पण रेटिंगमधली एकाच बाजूला झुकणारी चूक शंभर सायकलनंतरही तिथेच असते. तिच्यावर उपाय एकच: एकापेक्षा जास्त ऑपरेटर, आणि जमल्यास दुसऱ्या पाळीतही स्टडी.

वेस्टिंगहाउस पद्धतीबद्दल विचारतात. १९२७ पासून ती चालत आली आहे: कौशल्य, मेहनत, परिस्थिती आणि सातत्य यांचे वेगवेगळे गुण बेरजेने लावायचे. नवशिक्याला ती सुटसुटीत वाटते, कारण तक्ता हातात असतो. मला ती फारशी पटत नाही. परिस्थितीचे गुण रेटिंगमध्ये एकदा आणि उष्णतेचा, उभं राहण्याचा अलाउन्स पुन्हा एकदा, असा एकाच गोष्टीचा दोनदा हिशोब तिथे सहज होतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली माणूस दमतो, ते अलाउन्समध्ये धरा, रेटिंगमध्ये नाही. एमटीएम किंवा मोस्ट (हातांच्या हालचालींना आधीच ठरवलेल्या वेळा देणाऱ्या तक्त्यांच्या पद्धती) वापरत असाल तर डोळ्याने रेटिंग द्यावंच लागत नाही, वेग त्या तक्त्यांत आधीच बसवलेला असतो. उलटतपासणीसाठी ती उत्तम. फक्त एमटीएमचा १०० म्हणजे ब्रिटिश स्केलवरचा साधारण ८३, हे रूपांतर केल्याशिवाय दोन वेळा शेजारी ठेवू नका. माझा आग्रह असा की मोठ्या लाइनवर निदान काही एलिमेंट दोन्ही मार्गांनी काढावेत.

अलाउन्स हा वेगळा विषय, पण एक बोलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तक्त्यात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के, स्त्रियांना ७ टक्के, आणि मूळ थकव्यासाठी ४ टक्के दिले आहेत. उभं राहणं, वजन, उष्णता, आवाज हे त्यावर. काही ठिकाणी सगळं मिळून सरसकट १० टक्के लावतात आणि कमी पडलं की रेटिंग सैल करून भरपाई करतात. तसं केलं की दोन्ही आकडे खोटे होतात आणि पुढच्या करारात कोणाचंच समर्थन करता येत नाही.

कमिटीपुढे जाल तेव्हा फक्त शेवटचा स्टँडर्ड टाइम घेऊन जाऊ नका. एलिमेंटची शीट, त्या दिवशीच्या फिक्स्चर-बिनच्या जागेचं हाताने काढलेलं चित्र, प्रत्येक ऑपरेटरचं रेटिंग आणि बेसिक टाइम, सगळं टेबलावर ठेवा. कोणी शंका घेतली तर त्याच्याबरोबर शॉपवर जाऊन पुन्हा मोजा. स्टँडर्ड लागू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांचं उत्पादन बघा. हात बसलेले लोक स्टँडर्डच्या ८० ते ११५ टक्क्यांच्या आसपास पसरलेले दिसले तर स्टडी ठीक आहे. सगळी लाइन ६५-७० वर अडकली, किंवा सगळेच आरामात १३० ला पोचले, तर आधी शीट तपासा. पद्धत बदलली होती का, मालात फरक पडला होता का, की रेटिंगच घसरलं होतं, हे पाहून पुन्हा स्टडी करा. स्क्रूड्रायव्हर बदलला, सप्लायर बदलला, बिन दुसऱ्या बाजूला गेली, तरी शीट जुनी झाली असं धरून चाला. आणि प्रत्येक शीटवर कोणत्या स्केलने रेटिंग दिलं ते वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नाहीतर तुमच्या जागी उद्या जो येईल त्याला ते कुठेच सापडणार नाही.